लाटेबरोबर डोलणारी नळी

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. दुसऱ्या दिवशी शहर त्यातून सावरत होतं, तेव्हा किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या उत्तर भागात वेगळंच संकट उभं राहिलं. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली होती. खराब हवेमुळे हेलिकॉप्टरं बंद होती, म्हणून त्याला क्रेनने प्लॅटफॉर्मवर उचलून घ्यायचं ठरलं. जखमी माणूस वर पोहोचला. पण उसळत्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मवर रेटलं गेलं आणि त्याच्या हेलिपॅडची कड वायूच्या उभ्या नळीवर आदळली. नळी फुटली, वायूने पेट घेतला आणि सुमारे दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. ३६२ जण वाचले, २२ जणांचा जीव गेला.

त्या उभ्या नळीला या धंद्यात रायझर म्हणतात. समुद्रतळावरची पाइपलाइन आणि वरचा डेक यांना जोडणारा हा दुवा. तळाशी पडलेली पाइपलाइन बऱ्यापैकी शांत असते. रायझरला मात्र लाटा, प्रवाह, वारा आणि जहाजांचे धक्के, सगळं सोसावं लागतं.

तिथे पोलादी रायझरऐवजी वाकणारी, लवचीक नळी असती तर अपघात टळला असता, असं मात्र कुणी समजू नये. हजारो टनांचं जहाज अंगावर आल्यावर कुठलीच नळी टिकत नाही. रायझर कुठे बसवले होते, त्यांना पुरेसं संरक्षण का नव्हतं, हे प्रश्न वेगळे. लवचीक नळी जन्माला आली ती दुसऱ्याच अडचणीतून.

मुंबई हायचा शोध १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने लावला. २१ मे १९७६ला उत्पादन सुरू झालं आणि १९७८ पर्यंत उरणला तेल आणणारी वाहिनीही टाकून झाली. तिथे पाणी ऐंशी मीटरच्या आसपास, म्हणजे तेलाच्या दुनियेत उथळच. पोलादी पाय तळात रोवून प्लॅटफॉर्म उभा केला की तो हलत नाही, मग त्याला चिकटून पोलादी रायझर बिनधास्त लावता येतो. पण मुंबईपासून सुमारे २०० किलोमीटरवरच्या डी-वन क्षेत्रात २०१३ मध्ये ‘आर्माडा स्टर्लिंग’ हे जहाज नांगरलं गेलं. विहिरींतून आलेलं तेल तिथेच शुद्ध करायचं, पोटात साठवायचं आणि टँकरमध्ये भरायचं, असं त्याचं काम. पावसाळ्यात हे जहाज लाटेबरोबर वरखाली होतं, डोलतं, सरकतं. त्याला ताठ पोलादी नळी जोडली तर ती पुन्हा पुन्हा वाकून, थकून तुटेल. तिथे वाकणारीच नळी लागते.

वाकणारी म्हणजे रबरी नव्हे. हळदीच्या शेताकडे काळ्या पाइपाचं बंडल नेणाऱ्या शेतकऱ्याला गुंडाळता येणाऱ्या नळीची सोय वेगळी सांगायला नको. समुद्रातली नळीही अशीच प्रचंड रिळावर गुंडाळून जहाजाने नेतात आणि सलग सोडत जातात. पोलादी नळीचे मात्र सुमारे बारा मीटरचे तुकडे बार्जवर एकेक करून जोडावे लागतात, प्रत्येक सांध्याची तपासणी करावी लागते. शेतातल्या नळीशी साम्य एवढंच. समुद्रातल्या नळीला आतून शेकडो वातावरणांचा दाब आणि बाहेरून पाण्याचा भार सोसायचा असतो.

म्हणून ती थरांची असते. सर्वांत आत एकमेकांत अडकवलेल्या स्टेनलेस पट्टीचा सांगाडा, बाहेरच्या दाबाने नळी चेपू नये म्हणून. त्यावर तेल-वायू अडवणारं प्लास्टिकचं अस्तर. मग आतला दाब पेलणारी पोलादी वेटोळी, त्यावर ओढ सहन करणाऱ्या तारांचे उलटसुलट पीळ, आणि शेवटी बाहेरचं कवच. हे थर एकमेकांना चिकटवलेले नसतात. वाकताना ते एकमेकांवर घसरतात, तीच खरी युक्ती. अस्तरासाठी वापरलं जाणारं एक प्लास्टिक, पॉलिअमाइड-११, चक्क एरंडेल तेलापासून बनतं, आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी समुद्री तारेच्या धर्तीवर शिशाची नळी पोलादी पट्ट्यांनी आणि तारांनी गुंडाळली आणि १९४४ मध्ये इंग्लिश खाडीच्या तळातून फ्रान्सकडे इंधन नेण्यासाठी वापरली. फ्रान्समध्ये १९७१ साली कोफ्लेक्सिप कंपनी स्थापन झाली आणि आजच्या बहुथरी नळीचा धंदा उभा राहिला.

मात्र पोलाद आहे तिथे गंज आलाच. प्लास्टिकच्या अस्तरातून वायूचे रेणू हळूहळू पाझरून तारांच्या पोकळीत जमतात; बाहेरचं कवच फाटलं तर खारं पाणीही शिरतं. ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर, २,००० मीटरहून खोल पाण्यात, वायू परत भूगर्भात दाबणारी एक लवचीक नळी २०१७ मध्ये अकाली निकामी झाली. कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ताण यांनी मिळून तारांना तडे पाडले होते. हा प्रकार तोवर नळीच्या हिशेबात कुणी धरलाच नव्हता. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून तुटत असते, हे या तंत्राचं सर्वांत अस्वस्थ करणारं अंग आहे.

यावर एक उपाय म्हणजे पोलादच काढून टाकायचं. संमिश्र नळीत काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंच्या, प्लास्टिकमध्ये भिजवलेल्या पट्ट्या अस्तरावर तिरक्या गुंडाळतात आणि उष्णतेने वितळवून एकजीव करतात. थर घसरत नाहीत, पोकळी उरत नाही, गंजायला काही नाही, आणि पाण्यात वजनही खूप कमी भरतं. नेदरलँड्समधली स्ट्रोम कंपनी अशा नळ्या बनवते. तशाच नळ्या बनवणारी ब्रिटनची मॅग्मा ग्लोबल २०२१ मध्ये टेक्निपएफएमसी कंपनीने विकत घेतली. नॉर्वेच्या डीएनव्ही संस्थेने २०१५ अखेर या नळ्यांसाठी खास मार्गदर्शिका काढली.

अडचणी इथेही आहेतच. कार्बन महाग, प्लास्टिकला तापमानाची मर्यादा, आणि टोकाला जिथे नळी धातूच्या जोडाला मिळते तिथे सगळा ताण एकवटतो. शिवाय व्यास लहान. मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी तीस इंची आहे. तिची जागा संमिश्र नळी इतक्यात घेणार नाही. पण प्लॅटफॉर्मांमधल्या लहान, जुन्या वाहिन्यांचं तसं नाही. मुंबई हायचं तेल काढणारी ओएनजीसी त्या टप्प्याटप्प्याने बदलत आली आहे, आणि हे काम पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंतच्या शांत समुद्रातच उरकावं लागतं. त्या मोजक्या महिन्यांत बार्जचं भाडं रोज चढत असतं. नळीची जादा किंमत रिळावरून झटपट सोडण्यात वाचलेल्या दिवसांतून वसूल होते का, याचा हिशेब तिथे मांडून बघण्यासारखा आहे.