चहा सोडलेल्या रुग्णाचा दुसरा दिवस

बदलापूरहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या रुग्णाच्या आहाराची चौकशी आपण करतो. त्याचा चहा मात्र क्वचितच मोजतो. घरून निघताना एक, कचेरीत दोन-तीन, परतताना फलाटावर एक आणि रात्री घरी ‘अर्धाच’. मुंबईपर्यंतचे सुमारे ६८ किलोमीटर रोज दोन वेळा उभ्याने कापणाऱ्यास हा चहा व्यसन वाटत नाही, आधार वाटतो.

अशा रुग्णास आपण अम्लपित्तासाठी किंवा शोधनाच्या पूर्वतयारीत ‘उद्यापासून चहा बंद’ असे सहज सांगून जातो. दुसऱ्या दिवशी तो कपाळ धरून येतो. शिरःशूल, जृंभा, तंद्रा, चिडचिड, कामात लक्ष नाही, क्वचित हृल्लास. कोणी यास स्नेहाचे अजीर्ण समजतो, कोणी औषधाचा उपद्रव. औषध बदलले जाते आणि रुग्णाचा चिकित्सेवरील विश्वास उणावतो. वस्तुतः बहुधा हा कॅफीन तुटल्याचा परिणाम असतो. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत तो सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत शिखर गाठतो आणि २ ते ९ दिवसांत शमतो. दिवसाला सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहाइतके कॅफीन नित्य घेणाऱ्यासही तो होऊ शकतो. कॅफीन मेंदूतील अॅडिनोसिनची ग्राहके अडवून ठेवते. ते थांबताच अॅडिनोसिनला मोकळे रान मिळते, मेंदूतील रक्तवाहिन्या विस्फारतात व डोके ठणकते. अमेरिकेच्या मानसरोग वर्गीकरणाने २०१३ च्या आवृत्तीत यास स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर फार आधी देऊन ठेवलेले आहे. चहा संहितांत नाही. ओकसात्म्य मात्र आहे. अपथ्यही सवयीचे झाले की ते एकाएकी सोडल्याने विकार होतात, हे वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात स्पष्ट केले आहे. चरकांचा पादांशिक क्रमही सूत्रस्थानाच्या सातव्याच अध्यायात येतो. चतुर्थांशाने सोडा, अथवा त्याच्याही चतुर्थांशाने. मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवा. आमच्या मते लोकलच्या प्रवाशास हाच मार्ग झेपतो. कप कमी करण्यापूर्वी चहापूड कमी करावी, तिच्या जागी सुंठ, धने, गवती चहा घालावा. कपाची वेळ व ऊब तीच राहते, त्यामुळे रुग्ण कुरकुरत नाही. पंचकर्म ठरले असेल तर हा क्रम दोन-तीन आठवडे आधीच सुरू करावा, स्नेहपानाच्या दिवशी नव्हे. हरितालिकेच्या निर्जळी उपवासात डोके धरून बसणाऱ्या भगिनींनाही आदल्या आठवड्यात हेच सांगावे.

(१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून मोठे ग्रामण्य झाले. तेव्हा प्रायश्चित्त चहा पिण्याचे होते. आता न पिण्याचे घ्यावे लागते!)

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी दोन गोष्टी. चहा सोडलेला ग्राहक डोकेदुखीची गोळी मागतो, तेव्हा तिच्या वेष्टनावरील घटक पाहावेत. काही संयुक्त गोळ्यांत कॅफीनच असते. डोके लगेच थांबते, पण सोडणे पुन्हा पहिल्या दिवसावर येते. तसेच ‘हर्बल’ नावाच्या पुड्यांत चहाची पाने आहेत का, हे पाहूनच त्या पर्याय म्हणून द्याव्यात. ग्रीन टीमध्ये कॅफीन असते. गवती चहात नसते. लोहकल्प किंवा मंडूरकल्प चहाबरोबर घेऊ नयेत, हेही याच वेळी सांगता येते, कारण चहातील कषाय द्रव्ये लोहाचे शोषण घटवितात.

सर्वांत जपावे ते लिथियम घेणाऱ्या रुग्णास. कॅफीनमुळे लिथियम मूत्रावाटे अधिक बाहेर पडते. चहा अचानक थांबला तर रक्तातील त्याचे प्रमाण वाढून विषबाधेपर्यंत जाऊ शकते. अशा रुग्णाचा चहा त्याच्या मानसोपचारतज्ज्ञास कळविल्याविना कमी करू नये. असे रुग्ण आपल्याला ते औषध घेत असल्याचे आपणहून सांगत नाहीत, विचारावे लागते.