कामाची माणसं (भाग ७) : जॉबरला कोण शिकवतं?

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात हजारो यंत्रमाग चालतात. शेडमध्ये माग चालवणारे असतात, कांड्या भरणारे असतात आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा जॉबर असतो. माग अडला की तोच पाना घेऊन धावतो, नवा पोरगा आला की तोच त्याला शिकवतो, दोघांत वाजलं की शेठ त्यालाच हाक मारतो. यातलं पहिलं काम तो एखाद्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. उरलेली दोन मात्र त्याला कुणीच शिकवलेली नसतात.

मागच्या भागात कामगारभरतीचा विषय होता. त्या भरतीची सूत्रं एके काळी याच जॉबरच्या हाती होती. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर माणसं लावायचा आणि काढायचाही. बायकांच्या खात्यात हे काम नायकीण करायची. नोकरी टिकवायला कामगारांना त्यांचे हात ओले करावे लागत. १९३१ साली व्हिटली आयोगाने जॉबरचे भरतीचे अधिकार काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली आणि त्याच्या सत्तेला आणखी कात्री लागली. सत्ता कमी झाली, पण माणसं सांभाळण्याचं काम त्याच्याकडेच राहिलं.

ते काम शिकवता येतं, हे दुसऱ्या महायुद्धात दिसलं. अमेरिकेतले कारखाने नवख्या कामगारांनी भरले, तेव्हा १९४० ते १९४५ या काळात पर्यवेक्षकांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना राबवली गेली. काम शिकवणं, कामाची पद्धत सुधारणं आणि माणसांशी वागणं असे तिचे तीन मुख्य वर्ग होते. प्रत्येक वर्ग दहा तासांचा, पाच बैठकांत संपणारा. सोळा लाखांहून अधिक लोकांनी हे प्रशिक्षण घेतलं. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने ही पद्धत भारतातल्या कापड गिरण्यांतही आली.

तिच्यातला शिकवण्याचा भाग यंत्रमागाच्या शेडमध्ये जसाच्या तसा वापरता येतो. ताण्याचा धागा तुटला आहे. जॉबर आधी पोराला त्याला काय येतं ते विचारतो. मग गाठ मारून, धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओवून दाखवतो. प्रत्येक टप्प्यावर काय करतोय आणि का, तेही सांगतो. नंतर पोराला करायला लावतो आणि करता करता त्याच्याच तोंडून वदवून घेतो. शेवटी त्याला एकट्याला सोडतो, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगतो आणि अधूनमधून फेरी मारतो. या पद्धतीत पोराला आलं नाही, तर उणीव शिकवणाऱ्याची मानतात.

माणसांशी वागण्याचे नियमही असेच साधे आहेत. ज्याचं त्याला काम कसं चाललंय ते सांगावं, चांगल्या कामाचं श्रेय द्यावं, बदल होणार असेल तर आधी कळवावं. तक्रार आली तर दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये.

अहमदाबादच्या कॅलिको मिलने १९५३ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये कामाचे इतके तुकडे झाले होते की ठरावीक मागांची जबाबदारी कुणा एका गटाची राहिली नव्हती. लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांच्या सल्ल्याने छोटे गट झाले आणि प्रत्येक गटाला त्याचे माग नेमून दिले गेले. सुरुवातीला गडबड उडाली. पण पुढे उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. दर मिनिटाला हुकूम सोडण्याची गरज वरिष्ठांना उरली नाही.

बऱ्हाणपूरची ताप्ती मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे आली आणि २०२० च्या टाळेबंदीपासून बंद पडली. आज शहराचं कापड मुख्यतः छोट्या शेडमध्ये विणलं जातं. तिथे प्रशिक्षण अधिकारी नाही, सगळी मदार जॉबरवरच आहे. शहरात यंत्रमाग सेवा केंद्र आहे. मागमालकांनी आपल्या जॉबरसाठी दहा तासांचा असा वर्ग तिथे मागून घ्यावा आणि त्या दहा तासांची मजुरी त्याला द्यावी.

पुढच्या आठवड्यात : पाळी बदलताना निरोप कुठे हरवतो?