क्रॅबॲपल: 'जंगली' म्हणून हिणवलेलं सफरचंद

न्यू जर्सीत नवं घर घेतलेला मुलगा वसंतात अंगणातल्या गुलाबी-पांढऱ्या बहराचे फोटो घरी पाठवतो. सप्टेंबरात त्याच झाडाला बोराएवढी लाल फळं लगडली, की आई फोनवर विचारते, "विषारी नाहीत ना रे?"

नाहीत. क्रॅबॲपल हे सफरचंदाचंच भावंड. फळ 2 इंच किंवा त्याहून लहान असेल तर क्रॅबॲपल, मोठं असेल तर सफरचंद, एवढाच बागवानांचा हिशेब. चव आंबट-तुरट, आवळ्यासारखी. पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली छान घट्ट होते. बिया मात्र, सफरचंदाच्या बियांप्रमाणेच, चावून खाऊ नयेत.

जुलैत पानं पिवळी पडून गळू लागली, की पाणी कमी पडलं असं समजून लोक नळी सोडून बसतात. आधी एक पान उचलून बघा. त्यावर काळपट-हिरवे, मखमली डाग असतील तर तो स्कॅब, म्हणजे बुरशी. तिची लागण वसंतातल्या पावसातच झालेली असते, त्यामुळे जुलैत फवारणी करणं म्हणजे पैसे वाया. बुरशी पडलेल्या पानांत हिवाळा काढते, म्हणून पाचोळा झाडून उचला. नवं झाड घेताना 'प्रेरीफायर'सारखं स्कॅबला दाद न देणारं वाण मागा. गंमत म्हणजे खाण्याच्या सफरचंदांच्या कित्येक वाणांत स्कॅबशी झुंजण्याची ताकद आली ती 'मेलस फ्लोरिबंडा' या क्रॅबॲपलकडूनच!

दिवाळीच्या सुमारास अंगण आवरताना झाडालाही कात्री लावणारे पुढच्या वसंतात फुलांची वाट बघत बसतात. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, त्या कापल्या जातात. वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या थंडी सरताना काढा. आकार द्यायचा तर बहर ओसरल्यावर लगेच. कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे मात्र दिसताक्षणी काढावेत.

फळांचा सडा नको असेल तर 'स्प्रिंग स्नो' लावा, त्याला फळं धरत नाहीत. मी लावणार नाही. हिवाळ्यात पाखरं येतात ती त्या फळांसाठीच.

आणि 'नुसतं शोभेचं' म्हणाल, तर हिमाचलच्या बागांत डेलिशस सफरचंदांच्या परागीभवनासाठी 'गोल्डन हॉर्नेट', 'मांचुरियन' ही क्रॅबॲपलच लावतात.

पुण्यात लावायचा विचार मात्र सोडा. या झाडाला कडक हिवाळ्याची विश्रांती लागते, ती तिथे मिळत नाही.