‘जॉनी क्वेस्ट’मधील हाजी : एका विज्ञान-साहस चित्रमालिकेतील भारतीय मुलगा

प्रस्तावना :

शनिवारची सकाळ म्हणजे मुलांच्या कार्टूनची वेळ, हे समीकरण अमेरिकेत १९६० च्या दशकात पक्के झाले व पुढे काही दशके टिकले. या वेळेला पुनःपुन्हा दाखविल्या गेलेल्या विज्ञान-साहस मालिकांत ‘जॉनी क्वेस्ट’चे स्थान वरचे आहे. भारतीय वाचकाला तिच्याविषयी कुतूहल वाटण्याचे आणखी एक कारण आहे. तिच्यातील प्रमुख पात्रांपैकी एक कलकत्त्याचा अनाथ मुलगा आहे. या मालिकेतील यंत्रे ज्या काळजीने रचली गेली, तीच काळजी या मुलाच्या वाट्याला आली काय, एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मालिकेची घडण :

वास्तविक ही मालिका शनिवार सकाळसाठी निर्माण झालीच नव्हती. हॅना-बार्बेरा या निर्मितीसंस्थेला प्रथम ‘जॅक आर्मस्ट्राँग’ या जुन्या नभोवाणी मालिकेचे चित्ररूप करावयाचे होते. तो बेत फिसकटल्यावर डग वाइल्डी या कॉमिक्स चित्रकाराने नवी पात्रे उभी केली. शास्त्रज्ञ डॉ. बेंटन क्वेस्ट, त्यांचा मुलगा जॉनी, अंगरक्षक रेस बॅनन, बँडिट नावाचा कुत्रा आणि हाजी, असा हा परिवार. १८ सप्टेंबर १९६४ पासून एबीसी वाहिनीवर ही मालिका रात्रीच्या वेळी, म्हणजे सर्व कुटुंबासाठी दाखविली जाऊ लागली. २६ भागांनंतर १९६५ मध्ये ती बंद पडली. तिचा खर्च फार होता. १९६७ पासून सीबीएसने तेच भाग शनिवारी सकाळी दाखविण्यास आरंभ केला, पुढे एबीसी व एनबीसी या वाहिन्यांनीही तेच केले. तिचा खरा प्रेक्षक तिला असा उशिरा मिळाला.

खर्च वाढण्याचे कारण तिच्या शैलीत आहे. दूरचित्रवाणीवरील कार्टून मर्यादित चलनाच्या तंत्राने काढले जाई. एकच चित्र अनेक चौकटी स्थिर ठेवायचे व केवळ ओठ किंवा हात हलवायचा, अशी ती काटकसर होती. यात गोल चेहऱ्याचा विनोदी प्राणी निभावून जातो, पण प्रमाणबद्ध मानवी देह अवघडलेला दिसू लागतो. वाइल्डीने वास्तव अंगाची माणसे, गडद काळ्या छाया आणि रंगविलेल्या भरगच्च पार्श्वभूमी यांचा आग्रह धरला. आजही पाहताना हालचाल तुटक वाटते, मात्र प्रत्येक चौकट चित्र म्हणून उभी राहते. (होइट कर्टिन यांचे जॅझ ढंगाचे शीर्षकसंगीत तर चित्रांहूनही अधिक धावते!)

यंत्रांच्या बाबतीत वाइल्डीने लोकप्रिय विज्ञान-मासिके चाळून नजीकच्या भविष्यात येऊ शकतील अशी साधने निवडली. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हायड्रोफॉइल नौका, पाठीवरचे उड्डाणयंत्र, कोळ्यासारखा चालणारा हेर-यंत्रमानव ही त्यांपैकी काही होत. पहिल्याच भागात लेसर येतो. प्रत्यक्षातील पहिला लेसर १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी कार्यान्वित केला होता. प्रयोगशाळेतून कार्टूनमध्ये यायला त्याला अवघी चार वर्षे लागली.

हाजीचे चित्रण :

हाजीची ओळख ‘कलकत्ता अ‍ॅडव्हेंचर’ या भागात होते. कलकत्त्यात व्याख्यान देत असलेल्या डॉ. क्वेस्ट यांच्यावर हल्ला होतो व हा मुलगा ज्युडोच्या साहाय्याने त्यांचे प्राण वाचवितो. ज्युडो त्याला एका अमेरिकन सैनिकाने शिकविलेला असतो. पुढे तो क्वेस्ट कुटुंबाचा सदस्य होऊन जॉनीचा भाऊ म्हणून फ्लॉरिडात राहतो. त्याच्या डोक्यावर रत्न लावलेला फेटा असतो. तो सापांना वश करतो, वस्तू अधांतरी तरंगवितो आणि त्या वेळी ‘सिम सिम सालाबिम’ असा मंत्र उच्चारतो.

हा मंत्र भारतातील कोणत्याही भाषेचा नाही. डान्टे या नावाने रंगमंचावर येणाऱ्या, मूळ डेन्मार्कच्या जादूगाराच्या प्रयोगाचे नाव ‘सिम साला बिम’ होते, आणि ते शब्द डॅनिश बालगीतातील निरर्थक अक्षरांवरून आलेले आहेत. ‘हाजी’ हे तर नावही नव्हे, हजयात्रा केलेल्या मुसलमानाची ती उपाधी आहे. अकरा वर्षांच्या पोराला ती कशी लागली कोण जाणे. त्याच भागातील फेरीवाल्याचे नाव ‘पाशा’, म्हणजे तुर्की पदवी. लेसरसाठी मासिके चाळली गेली, कलकत्त्यासाठी मात्र जादूच्या प्रयोगांची जाहिरात पुरेशी वाटली, असे म्हणावे लागते.

ही तफावत अधिक खुपते ती कलकत्त्याच्या इतिहासामुळे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणावरील आपला शोध १९२८ मध्ये याच शहरातील बहुबाजार भागात लावला होता आणि लेसर आल्यानंतर त्या शोधाचा उपयोग कितीतरी वाढला. भारतातील पहिला संगणक १९५० च्या दशकात कलकत्त्याच्याच भारतीय सांख्यिकी संस्थेत बसविला गेला होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून अग्निबाण सुटला, तेव्हा ही मालिका सुरू व्हायला दहा महिने अवकाश होता. फेट्याऐवजी हाजीच्या हाती स्लाइड-रूल दिला असता तर तो अधिक वास्तव ठरला असता.

तथापि केवळ दोष दाखवून थांबणे अन्यायाचे होईल. हाजी हा नोकर नाही आणि विदूषकही नाही. तो जॉनीबरोबरच शिकतो, संकटात पुष्कळदा त्याच्याहून शांत डोक्याने वागतो. त्या काळी अमेरिकेत स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या भारतीयांसाठी वर्षाला केवळ १०० जणांचा कोटा होता. १९४६ च्या कायद्याने ठरलेली ही पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत निघाली. म्हणजे भारतीय शेजारी अमेरिकन मुलांना सहसा दिसतच नव्हता, तेव्हा पडद्यावरील एका घरात भारतीय मुलगा समान हक्काने जेवणाच्या टेबलाशी बसत होता. स्वतः कलकत्त्याला हे पाहण्याची सोय नव्हती, कारण तेथील दूरचित्रवाणी केंद्र १९७५ मध्ये सुरू झाले.

कात्री व पुनर्लेखन :

१९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील पालकांनी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना स्थापन केली. मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसा व जाहिराती यांविरुद्धच्या त्या दशकातील चळवळीमुळे साहसमालिका मागे पडल्या आणि ‘जॉनी क्वेस्ट’च्या पुनःप्रसारणांनाही कात्री लागली. रात्रीच्या प्रौढ प्रेक्षकासाठी रचलेले मृत्यू सकाळच्या वेळेत बसत नव्हते, हे पालकांचे म्हणणे रास्तच होते. पण आक्षेपाचा रोख बंदुकीवर होता. वंशचित्रणातील उणेपणाकडे लक्ष जाण्यास बराच काळ जावा लागला. २००४ च्या डीव्हीडी संचातून अन्य वंशीयांविषयीचे काही अवमानकारक उद्गार वगळले गेले, ते २०१९ च्या ब्लू-रे आवृत्तीत मुळाबरहुकूम परत आले. अभ्यासकाला ही दुसरी आवृत्तीच उपयोगाची आहे, कारण वगळलेल्या वाक्याचा विचार करता येत नाही.

१९९६ मध्ये ‘द रिअल अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ जॉनी क्वेस्ट’ ही नवी मालिका आली. तीत हाजी वयाने मोठा, विचारी व योगसाधना करणारा झाला आहे. मंत्र त्याच्या तोंडी कायम आहे. त्याला आता आडनावही मिळाले आहे, आणि ते आहे ‘सिंग’.