चार चाके, आठ मोटारी

‘रोबो’ हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हे. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकात तो प्रथम आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाला आपला जवळचा शब्द म्हणजे वेठ! रत्नागिरीतल्या विद्यार्थ्यांच्या रोबो-मंडळाने मला बोलाविले ते असल्याच शब्दांच्या कामासाठी. पण तेथे गेल्यावर शब्द राहिले बाजूला आणि मी त्यांच्या दुखण्यातच गुंतलो.

दुखणे असे. मंडळाचा रोबो एकच. तो मोडला तर वर्षाची मेहनत पाण्यात, म्हणून बहुधा कापडाखाली झाकलेला. चालविणार कोण? गेल्या वर्षी ज्याने चालविला तोच. मिरकरवाड्याची एक मुलगी, हाताची मोठी चपळ, नुसती बघत उभी राही. सराव नाही म्हणून निवड नाही, आणि निवड नाही म्हणून सराव नाही! दुसरा रोबो आणावा, तर तसल्या चार चाकांचे तयार परदेशी संच मोटारींसह लाखाच्या पुढे जातात. तेव्हा मुलांनी सरावापुरता एक गरीब भाऊ बांधावयाचे ठरविले.

वाचकहो, या चाकांची करामत शिमग्यातल्या पालखीवरून चटकन कळेल. बैलगाडीला बाजूला जायचे तर आधी तोंड वळवावे लागते. पालखीचे तसे नाही. खांदेकरी आडवे सरकले की पालखी आडवी जाते, तोंड देवळाकडेच. आणि पुढे सरकता सरकता ती गिरकीही घेते. मात्र तेव्हा प्रत्येक खांदेकऱ्याची दिशा निराळी आणि पावलाचा वेगही निराळा. रोबोच्या चार चाकांचे तेच. प्रत्येकाला एक मोटार पळवायला, एक वळवायला. सरकण्याचा वेग आणि गिरकीचा वेग यांची बेरीज चाकागणिक वेगळी येते, आणि ती दर क्षणी यंत्रातला छोटा संगणक करीत असतो.

मुलांनी सांगाडा प्लायवुडचा केला. वळविण्यासाठी भंगारातल्या मोटारगाड्यांच्या वायपरच्या मोटारी, पळविण्यासाठी हातड्रिलच्या. दातेरी चक्रे प्रिंटरवर छापली. येथे कोकणचा पाऊस आडवा आला. छपाईची प्लॅस्टिकची तार ओलावा धरते आणि छापताना तडतडते. शेवटी तिला पापडासारखे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागले! चाक कुठे वळले आहे ते कळावे म्हणून दांड्याच्या टोकाला बोराएवढे लोहचुंबक चिकटविले. त्याची दिशा समोरची चकती वाचते. सारा खर्च वीस हजारांच्या आत बसला.

वायपरची मोटार मिनिटाला सुमारे ४५ फेरे घेते. म्हणजे पाव वळसा घ्यायला एकतृतीयांश सेकंद. खऱ्या रोबोच्या मानाने हे आळशीच. शिवाय चाकाबरोबर मोटार फिरते, तिच्या वायरींना पीळ बसतो. म्हणून चाकाला अर्ध्या वळशाचीच मुभा. चाक उलटेही पळू शकते, तेव्हा तेवढ्यात सगळ्या दिशा बसतात. पण कधी हद्दीवर पोचले की बिचाऱ्याला उलट अर्धा वळसा घ्यावा लागतो. हे उणे मला मोठे वाटत नाही. बोटांना वेगाआधी दिशा शिकवावी लागते.

मुले या जोडणीला इंग्रजी नावाने हाक मारीत. मी दोन-तीन संस्कृत नावे सुचविली, ती कोणी उचलली नाहीत. मिरकरवाड्याची मुलगी म्हणाली, “सर, हे सुकाणूच की!” तेच नाव रुळले.

२००८ साली आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन पुण्यात झाली, तेव्हा खेळाचा विषयच गोविंदा होता. असल्या खेळात चुकीच्या दिशेने गेलेला हात महाग पडतो. म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी फरशीवर खडूच्या रेघा आणि मधोमध उलटी बादली. रेघेला चाक लागले की पाळी संपली.

निवडीच्या दिवशी कापड काढले. तिने खरा रोबो बादलीभोवती नेला, त्याचे तोंड सारा वेळ बादलीकडेच ठेवून. पहिली जागा गेल्या वर्षीच्या मुलाकडेच राहिली. दुसरी तिला मिळाली. गरीब भाऊ आता पहिल्या वर्षाच्या पोरांकडे आहे, आणि त्याच्या डाव्या मागच्या चक्राचे दोन दात पडल्याची तक्रार कालच माझ्या कानावर आली.