मोसम, भाव आणि आगोट

नव्वदीच्या दशकापर्यंत मुंबई-ठाण्यात भाजीचा भाव ऐकला की महिना कळायचा. मटार उतरला म्हणजे थंडी पडली, कैऱ्यांचे ढीग लागले म्हणजे एप्रिल आला. मोसमातलं घ्यावं की स्वस्त घ्यावं, हा प्रश्नच नव्हता. दोन्ही एकच होतं.

मग ही जोडी सुटत गेली. १९९६ मध्ये फळं-भाज्यांचा घाऊक बाजार वाशीला हलला. एप्रिल २००१ मध्ये आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले आणि परदेशी सफरचंद कोपऱ्यावरच्या गाडीवर बारमाही दिसू लागलं. मटार फ्रीझरमध्ये गेला. फ्लॉवरलाही मोसम असतो, हे आता सांगावं लागतं.

उलट जे मोसमाशिवाय मिळतच नाही, तेच महागलं. पहिला पाऊस झाला की कर्जत-कसाऱ्याकडच्या बायका स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. भाव ऐकून गिऱ्हाईक जुडी खाली ठेवतं. पण ती रानात फिरून एकेक खुडलेली असतात. घरी आणल्यावरही आतला पिवळा भाग काढा, बारीक चिरा, घशाला खाजू नये म्हणून काकडं ही आंबट फळं घाला. (काकडं तीच बाई विकते, तुम्ही विसरलात तर हाक मारून देते.) ही भाजी फ्लॉवरच्या भावात हवी म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

जवळ पिकतं ते परवडतं, हेही उरलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये कांद्याने शंभरी ओलांडली, तेव्हा तुर्कस्तान-इजिप्तचा कांदा आला; मोठाला, पण तिखटपणा बेताचा. लोकांना तो रुचला नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला १५० रुपयांच्या पुढे गेला आणि सप्टेंबरात नाशिककडे शेतकरी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतत होते.

या सगळ्यात मागे पडली ती आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मोसमी खाणं म्हणजे ताजं खाणं, अशी आजची समजूत. पण कोकणात पावसाळ्यातलं निम्मं खाणं साठवणीचं असे. मे संपायच्या आत कांद्याच्या माळा टांगलेल्या, आमसुलं, चिंच, वाल, सांडगे, सुकट डब्यांत भरलेली. जुलैत टोमॅटो कितीला आहे याने आमटी अडत नसे. महागाईला तोंड द्यायची ती रीत होती. फ्लॅटमध्ये कांद्याच्या माळा कुठे टांगणार, हे कबूल. पण किलोभर आमसुलं कुठेही मावतात.

हापूसला ही युक्ती लागू नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच सुमारास आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीत उतरू लागला. हौसेने घेणारे घेतात. मी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत थांबते. तोवर आवक वाढलेली असते, पेटीवाला घासाघीस करू देतो, आणि पाऊस यायच्या आत डझन-दोन डझन सहज होतात.