मिनिटांचे दप्तर
मुलींच्या खो-खोतील गुणलेखनाचा आणि वेळनोंदीचा मागोवा

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस या गावी, जेथील काळी जमीन कापसाला जितकी मानवते तितकीच ती पावसाळ्यात पायाला चिकटून धावणाऱ्याला नकोशी होते, तेथे आज शालेय मुलींचा खो-खोचा सामना ठरला म्हणजे दोन संघ, पंच आणि सरपंच यांच्या जोडीला मैदानाच्या कडेला एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्टॉपवॉच आणि एक छापील गुणपत्रक असणार हे गृहीतच धरलेले असते. या दोन खुर्च्यांवर बसणारे गुणलेखक आणि वेळाधिकारी यांच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. परंतु मुलींच्या खेळाला जी प्रतिष्ठा, जो पुरावा आणि जे भवितव्य गेल्या साठ-पासष्ट वर्षांत लाभले, त्याचा पाया याच टेबलावर घातला गेला, असे माझे विचारांती झालेले मत आहे, आणि ते ज्या घटनाक्रमावर आधारलेले आहे त्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

खो-खो महाराष्ट्रात फार पूर्वीपासून खेळला जात होता, पण तो लिहिला जात नव्हता. देवळासमोरच्या पटांगणात किंवा गावाबाहेरच्या माळावर डाव रंगे, अंधार पडला की संपे, आणि कोण जिंकले याचा निर्णय जमलेल्यांच्या स्मरणावर व ज्याचा आवाज मोठा त्याच्या साक्षीवर अवलंबून राही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाला प्रथम नियमांची चौकट दिली आणि एक गडी बाद केल्यास दहा गुण असा हिशेब मुक्रर केला. पुढे १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली छापून काढली आणि १९३५ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने आपली नियमावली प्रसिद्ध केली. नियम छापले गेले त्याच क्षणी नियमांप्रमाणे खेळ झाला की नाही हे नोंदणाऱ्या इसमाची गरज उत्पन्न झाली, आणि गुणलेखक हा खेळाच्या अंमलदारांपैकी एक होऊन बसला. मात्र या आरंभीच्या काळातील नोंदी बव्हंशी पुरुषांच्या आणि मुलांच्या सामन्यांच्याच होत्या, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मराठवाड्याचा मार्ग याहून वेगळा आणि लांबचा होता. पुण्या-बडोद्याला नियमावल्या छापल्या जात होत्या तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शाळांची वर्गवारी तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशा नावांनी होई, वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि खेड्यातील मुलीचे नाव शाळेच्या हजेरीपटावर येणे हीच मुळात दुर्मीळ घटना असल्यामुळे ते खेळाच्या गुणपत्रकावर येण्याचा प्रश्न सहसा उद्भवतच नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, १९५६ साली हा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली ती केवळ पुरुषांची होती. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला सुरू झाली. मराठवाड्यातील मुलींच्या पिढीला नवे राज्य आणि राष्ट्रीय मैदान ही दोन्ही दारे जवळजवळ एकाच सुमारास उघडली, आणि त्यानंतरच तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या शालेय स्पर्धांबरोबर ते छापील गुणपत्रक हळूहळू खेड्यांपर्यंत पोहोचले. जगातही याहून निराळे घडलेले नाही. उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींचा लॅक्रॉस हा जाळीच्या काठीने खेळावयाचा खेळ स्त्रियांच्या हाती आला तो १८९० साली स्कॉटलंडमधील सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत. आणि आज अमेरिकेतील शालेय सामन्यांतही गोलांबरोबर जमिनीवरून उचललेला चेंडू आणि गोलरक्षिकेने अडविलेला फटका यांची नोंद एक स्वतंत्र लेखक टेबलाशी बसून करीत असतो. मुलींचा खेळ शाळेच्या आश्रयाने वाढतो, आणि शाळा ही मुळातच नोंदवह्यांची संस्था आहे.

आता या टेबलावर प्रत्यक्ष काय चालते ते जरा जवळून पाहिले पाहिजे. संघात १२ खेळाडू असतात व त्यांपैकी ९ मैदानात उतरतात. पाठलाग करणाऱ्या संघातील ८ जणी दोन खांबांमधील मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववी धावते. पळतीच्या संघातील मुली तिघी-तिघींच्या तुकड्यांनी आत येतात, आणि कोणत्या तुकडीत कोण हा क्रम आधीच गुणलेखकाकडे द्यावा लागतो. मोठ्या गटांसाठी पाळी ९ मिनिटांची असते, किशोरींसाठी ७ मिनिटांची. सरपंचाची खूण होते, वेळाधिकारी शिटी देऊन स्टॉपवॉच दाबतो, आणि तेथून पुढे मैदानावर जे घडेल ते दोन स्तंभांत उतरू लागते : कोणत्या क्रमांकाच्या खेळाडूने कोणत्या क्रमांकाच्या खेळाडूला बाद केले, आणि पाळी सुरू होऊन तेव्हा किती मिनिटे व सेकंद झाले होते. बाद कसे केले, म्हणजे साध्या स्पर्शाने, सूर मारून, खांबावर गाठून की पळणारी स्वतःच सीमेबाहेर गेल्यामुळे, याची खूण शेजारी होते. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्यावर एखादा खडा ठेवलेला असतो, ओल्या मातीचे बोट कडेला उमटलेले असते, आणि तरीही त्या स्तंभांत एका अंकाचीही खाडाखोड सही केल्यावाचून चालत नाही.

या अंकांमध्ये एक बारकावा आहे, आणि मुलींच्या खो-खोचे सारे सौंदर्य मला त्यात दिसते. समजा, पहिल्या तुकडीतील तिघी अनुक्रमे १.२०, १.५० आणि २.४० या वेळांना बाद झाल्या. तिसरी बाद होताच दुसरी तुकडी आत आली, आणि तिच्यातील पहिली मुलगी घड्याळात ४.०५ झाले असता बाद झाली. तिने किती वेळ संरक्षण केले, हे काढण्यासाठी ४.०५ मधून २.४० वजा करावयाचे. परंतु ही वजाबाकी दशमानाची नव्हे, मिनिट-सेकंदांची असल्यामुळे हातचा शंभराचा न घेता साठाचा घ्यावा लागतो, आणि उत्तर १.२५ येते. ज्याने घाईत १.६५ लिहिले त्याने त्या मुलीवर तर अन्याय केलाच, शिवाय अस्तित्वातच नसलेली वेळ कागदावर आणली. वरच्या वर्गातील ज्या मुली शिक्षकांच्या हाताखाली गुणपत्रक भरावयास शिकतात त्यांच्याइतके हे साठाचे गणित क्वचितच कोणाला पक्के येते, कारण पुस्तकातील उदाहरण चुकले तर एक गुण जातो, येथे चुकले तर मैत्रिणीची मेहनत जाते.

आणि ही मेहनत मोजण्याची सोय अन्य किती खेळांत आहे? बहुतेक खेळांत जो मिळवितो त्याचाच हिशेब राहतो. जो टिकतो, निसटतो, प्रतिस्पर्ध्याला दमवून सोडतो, त्याच्या नावावर काहीच लागत नाही. खो-खोत पळणाऱ्या मुलीने स्वतः एकही गडी बाद केला नाही तरी तिचे सेकंद तिच्या नावापुढे जमा होतात, आणि पाळी संपल्याची शिटी झाली तेव्हा ती मैदानातच असेल तर त्या वेळेपुढे ‘नाबाद’ हा शेरा पडतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठावर कंसात ‘२.१०, १.४० मि. संरक्षण आणि ३ गुण’ अशा थाटाची ओळ छापून येते, ती वाचकाला गूढ वाटली तरी त्या मुलीच्या घरी कात्रण करून जपली जाते. जिच्या आजीचे नाव सातबाऱ्याच्या उताऱ्यावर चढले नाही आणि जिच्या आईचे नाव लग्नपत्रिकेपलीकडे कोठे छापले गेले नाही, तिच्या नावापुढे तिच्या स्वतःच्या पायांनी मिळविलेला आकडा छापून येणे, ही मी सामान्य गोष्ट मानीत नाही.

वेळाधिकाऱ्याचा अधिकार किती थोर असतो हे बरोबरीच्या सामन्यात कळते. दोन्ही डावांअखेर गुण समान झाले तर जादा डाव होतो, आणि तोही बरोबरीत सुटला तर लघुत्तम आक्रमणावर निर्णय होतो, म्हणजे ज्या संघाने प्रतिपक्षाचा पहिला गडी कमी वेळात टिपला तो संघ विजयी ठरतो. तेथे सामना गुणांवर राहतच नाही, तो सेकंदांवर येऊन ठेपतो. आणि ज्याच्या अंगठ्याखाली ते घड्याळ आहे त्याचे गाव कोणते, शाळा कोणती, आप्त कोणत्या संघात आहे, हे सारे त्या क्षणापुरते नाहीसे व्हावे लागते. खेड्यात, जेथे दोन्ही संघांचे पालक कडेला उभे असतात, हा निःपक्षपात टिकविणारे शिक्षक आणि शिक्षिका यांनी मुलींना खेळाइतकाच न्यायाचाही धडा दिला आहे, असे म्हटले पाहिजे.

कागदावरील या नोंदीला पुढे व्यवहारातही वजन आले. शालेय क्रीडास्पर्धांतील कामगिरीबद्दल दहावी-बारावीच्या परीक्षांत सवलतीचे गुण मिळू लागले, आणि राज्य शासनाने गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखून ठेवल्या. प्रमाणपत्राला किंमत आली तशी बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणेही उघडकीस आली, पडताळणी कडक झाली, आणि स्पर्धा खरोखर झाली होती काय, त्या संघात ती मुलगी होती काय, या प्रश्नांची उत्तरे शोधताना मूळ कागदपत्रांकडे वळणे भाग पडले. मराठवाड्याच्याच धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे हिने २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले, तिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि पुढे ती क्रीडा अधिकारी म्हणून शासनाच्या सेवेतही रुजू झाली. जिल्ह्याच्या गुणपत्रकापासून राष्ट्रपतींच्या पुरस्कारापर्यंतचा हा प्रवास लिखित नोंदींच्या पायऱ्यांनीच होत असतो. किशोरी गटात दिला जाणारा इला पुरस्कार, कुमारी गटातील जानकी आणि महिला गटातील राणी लक्ष्मीबाई पुरस्कार यांच्या निवडीतही कोणी किती वेळ पळाली आणि किती गडी टिपले, याच हिशेबाला महत्त्व असते.

अलीकडच्या वर्षांत खेळाचे रूप पालटले. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात पहिला विश्वचषक झाला, त्यात प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. चटईवरच्या या नव्या खेळात विजेचे फलक आहेत आणि गुणांची गणनाही निराळी आहे. परंतु त्यातील एक सुधारणा मला विशेष अर्थपूर्ण वाटते. पळणारी तुकडी ठराविक काळापुढे टिकून राहिली तर त्यापुढील दर ३० सेकंदांना तिच्या संघाला प्रत्यक्ष गुण दिला जातो, आणि त्या टिकून राहण्याला ‘ड्रीम रन’ असे नाव मिळाले आहे. खेडोपाडीचे गुणलेखक ज्या सेकंदांची नोंद केवळ इमानाने करीत आले, त्या सेकंदांना अखेर निकालाच्या स्तंभात स्थान मिळाले.

या सर्व वाटचालीत एका बाबतीत मात्र आपण फार उणे पडलो आहोत. सामना संपला, निकाल जाहीर झाला, अहवाल वर गेला, की खेड्यातील शाळेत ते गुणपत्रक एखाद्या कपाटात पडते आणि पुढच्या सफाईत रद्दीत जाते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर मात्र आपण प्राणापलीकडे जपतो, कारण त्याच्या उताऱ्यावर माणसाचे वय आणि ओळख ठरते. २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन महसुली आणि शालेय दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारांचा शोध सुरू झाला, तेव्हा कोणा अनामिक कारकुनाने सात-आठ दशकांपूर्वी केलेली एक ओळीची नोंद किती घरांच्या भवितव्याशी निगडित असू शकते, हे या भागातील लहानथोरांनी डोळ्यांनी पाहिले. लिहिणाऱ्याला आपल्या नोंदीचे मोल लिहितेवेळी कळत नाही. म्हणूनच ती टाकून देण्याचा अधिकारही त्याने आपल्याकडे घेऊ नये.

माझी सूचना साधी आहे आणि खर्चाची नाही. प्रत्येक शाळेने मुलींच्या सामन्यांची गुणपत्रके वर्षवार बांधून, पानांना क्रमांक घालून आणि मुख्याध्यापकांच्या सहीनिशी शाळेच्या कायम दप्तरात दाखल करावीत. तारीख, स्थळ, प्रतिस्पर्धी शाळा, खेळाडूंची पूर्ण नावे आणि त्यांच्या संरक्षणाच्या वेळा त्यात स्वच्छ अक्षरात असाव्यात. आणि हे काम वरच्या वर्गातील मुलींच्याच हाती सोपवावे, म्हणजे खेळणारी आणि लिहिणारी अशा दोन्ही नात्यांनी त्या खेळावर आपला हक्क सांगतील. ताडकळससारख्या गावातून आणखी पन्नास वर्षांनी कोणी मुलींच्या खेळाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा त्याला आठवणींवर आणि ऐकीव गोष्टींवर विसंबून राहावे लागू नये, इतकी व्यवस्था करणे आजच्या शिक्षकांच्या आवाक्यात आहे, आणि म्हणून ते त्यांचे कर्तव्यही आहे.